वीराच्या ताकदीची चौकशी

"बाबा, बोल ना! रेडा तुझ्या अंगावर आग ओकतोय," मुलगी म्हणाली. बाबा फासा मुठीत धरून बसले होते.

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर गुहेचा नकाशा पसरला होता, त्यावर बाबांचा वीर, मुलीच्या मैत्रिणीची धनुर्धारी आणि समोर दगडी रेडा. खेळ चालवणारी मुलगी आणि नियमही तिचाच. वीराच्या कागदावर ताकदी लिहिलेल्या असल्या, तरी प्रत्येक ताकद त्याला कुठे, कशी मिळाली याची गोष्ट सांगितल्याशिवाय लढाईत वापरायची नाही.

मुलगी बुधवारी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार होती. पुढचा खेळ दर रविवारी फोनवर, आणि तोही आज जिवंत राहिलेल्या वीरांपुरताच. मेलेल्याला खेळ संपेपर्यंत प्रवेश नाही, आणि तिचा एकेक खेळ दोन-दोन वर्षं चालायचा. खेळ नसला की आपलं फोनवरचं बोलणं कसं होतं, हे बाबांना पक्कं माहीत होतं. "जेवलीस का?" "हो." "बरं, ठेवतो."

"हा आगीत जळत नाही," बाबा म्हणाले. "लहानपणी भट्टीत पडला होता. वाचला."

"छान!" मैत्रीण म्हणाली. ती नर्स होती आणि कुणालाही धीर द्यायची.

पण बाबांची एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. लोकांच्या गोष्टीतली भोकं शोधून शोधून डोळ्यांना तीच सवय लागलेली. ते वीराच्या चित्राकडे बघू लागले.

"भट्टीत पडला तर अंगावर एक तरी डाग हवा. कुठेच नाही."

"काका, राहू द्या ना!"

"राहू कसं देऊ? खोटं आहे ते." त्यांनी ती ताकद स्वतःच्या हाताने खोडली. रेड्याने वीराला अर्धं भाजून काढलं.

"दोन्ही हातांनी वार," बाबा घाईने म्हणाले. "जुळ्या भावाने शिकवलं." मग त्यांचा चेहरा पडला. "पहिल्याच दिवशी मी याला एकुलता एक लिहून दिलंय." तीही ताकद गेली. अंधारात दिसणं आंधळ्या गुरूकडून शिकल्याचं सांगितलं, तर त्या गुरूला तरी ते कसं कळलं, हा प्रश्न त्यांनीच काढला. मैत्रिणीने कपाळावर हात मारला.

आता वीर कागदावर जेमतेम जिवंत होता. रेडा शिंगं रोखून धनुर्धारीकडे वळला.

"शेवटची संधी, बाबा," मुलगी म्हणाली. तिचाही आवाज बारीक झाला होता.

"मी मध्ये उभा राहतो."

"ते कुठे शिकलास?"

या वेळी बाबा न थांबता बोलले. "जिन्यात शिकलो. खालच्या मजल्यावरच्यांचा कुत्रा सुटला होता आणि माझ्या मागे माझी मुलगी. पाच वर्षांची असेल. मारामारी मला कधीच येत नव्हती. भाजीची पिशवी पुढे धरली आणि उभा राहिलो. पाय असे लटपटत होते, की कुत्राच गोंधळला असावा."

वीराऐवजी आपण स्वतःबद्दल बोललो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मुलीने त्यांच्या हातातला फासा काढून घेतला.

"मंजूर," ती म्हणाली. "फासा नको. तू अख्खी धडक झेललीस आणि उभा आहेस. रेडा गेला परत गुहेत."

"झालं! काका वाचले!" मैत्रीण ओरडली.

बाबा मात्र अस्वस्थच. "अशी कशी मंजूर केलीस? साक्षीदार कोण?"

"मी. मी मागे उभी होते ना."

"नात्यातला साक्षीदार? असला दावा मी जन्मात मंजूर केला नसता."

"म्हणून तर तुला विचारलं नाही," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या रविवारी चार वाजता फोन उचल. आणि जेवून बस, ते विचारण्यात वेळ घालवायचा नाही."