तात्यांचं वाहन

माघ वद्य पंचमी. सकाळी गोठा झाडायला गेले, तर शेजारचे तात्या सुतळी लावून माझ्या म्हशीच्या पाठीचं माप घेत होते. मला पाहताच सुतळी खिशात गेली. सरळ माणूस सुतळी लपवत नाही.

तात्यांवर माझी नजर आधीपासूनच होती. रेल्वेतून निवृत्त होऊन ते लोणावळ्यात आले, ते दमा घेऊनच. ओट्याच्या पायऱ्या चढतानासुद्धा थांबायचे. कुणी साहेब विलायतेला परतताना बंगल्यातली अडगळ काढून गेला, त्यात यांच्या हाती एक चित्रांचं पुस्तक लागलं. माणूस जन्माला यायच्या आधीची जनावरं. तेव्हापासून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचे. "समजा, राज्य आपलं. ही सगळी जिवंत. तुम्ही कशावर बसून बाजारात जाल?"

पोस्टमनला त्यांनी कातडी पंखांची पाल देऊन टाकली होती. नगरपालिकेच्या एका सभासदाला घराएवढ्या धडाचा आणि सुपारीएवढ्या मेंदूचा एक प्राणी. मला तीन शिंगांचा. म्हणाले, वहिनी, तुम्हाला रस्त्यात कोण आडवं जाणार? मी म्हटलं, आत्ताही कोण जातंय.

स्वतःसाठी मात्र त्यांचं काही ठरेना. लोकरी हत्ती बाद, कारण मावळच्या पावसात भिजलेली लोकर दिवाळीपर्यंत वाळायची नाही. लांब मानेचा बाद, उतरणीला माणूस घसरत थेट त्याच्या कानापाशी. एकाच्या पाठीवर पाट उभे रोवल्यासारखे होते. त्या जनावरावर तर ते चिडलेच. "बसायचं कुठं माणसानं?"

लोक हसायचे. मला हसू येत नसे, कारण आत काकू होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. माहेरच्या देवीची ओटी भरायचा नवस कित्येक वर्षं तसाच अंगावर. देवी कुरवंडे गावापलीकडे टेकडीवर, आणि बैलगाडी जाते ती पायथ्यापर्यंतच. बायकोचा नवस टाळायला हा माणूस मेलेल्या जनावरांत वेळ काढतो, असा माझा पक्का संशय होता. त्यात आता म्हैस. मी केरसुणी हातात धरूनच विचारलं, डोली का करत नाही?

केली होती म्हणाले. मी विश्वास ठेवला नाही. कुरवंड्याचा कोंडिबा दुपारी गवत घेऊन आला, त्याला गाठलं.

"व्हय, आमीच गेलतो चौघं," कोंडिबा म्हणाला. "पर काकू बसनात. म्हनल्या, चार खांद्यांवरनं मानूस एकदाच जातंय, माजी येळ अजून न्हाई आली."

मी तशीच तात्यांच्या ओट्यावर गेले. मग घोडा करा, म्हटलं.

"घोडा खंडोबाचा. बैल महादेवाचा. तुमची म्हैस यमाच्या घरची. गाढव म्हणाल, तर तेही शीतळादेवीचं," तात्या म्हणाले. "देवाच्या वाहनावर पाय टाकून देवीच्या दारात कशी जाऊ, म्हणते ती." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला. "यातली तेवढी देवांनी घ्यायची राहिलीत."

मी म्हशीच्या मापाचं विचारलं.

"तिला बसायला किती रुंद पाठ लागेल, ते बघत होतो," ते म्हणाले. "एवढी रुंद लागत नाही. आता उरलीय केवढीशी ती."

मी घरी आले. राहिलेला गोठा झाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा उरकल्या आणि गाडी सांगितली. काकूंना म्हटलं, ओटीचं सामान काढा. कारण विचारू दिलं नाही. टेकडीखाली गाडी थांबल्यावर पदर खोचला आणि त्यांच्याकडे पाठ करून खाली बसले.

"अगं, पाय लागेल तुला," काकू म्हणाल्या.

"लागू दे. माझ्यावर कुठला देव बसत नाही. गळ्याला धरा, आवळू नका."

गवताचा भारा त्यांच्याहून जड असतो. तात्यांना खण-नारळ घेऊन सावकाश यायला सांगितलं आणि चढायला लागले.