बारदान वजा

कोंडिबा जमादारानं एकदा वेल्ह्याहून भोरला एक अंडं आणलं. एकच. आमचे आबासाहेब विलायतेहून आल्यापासून सकाळी अंडं खात, आणि त्यांना गावठी अंड्याची तल्लफ आली होती. तर ते एक अंडं बाहेर काढायला सुतार बोलवावा लागला! वर खिळे ठोकलेली फळ्यांची पेटी, पेटीत भाताचं तूस, तुसात पेंढ्याचं घरटं, घरट्यात फडक्याचं बोचकं आणि बोचक्यात अंडं. सुतारानं शेवटचा खिळा उपटला तोवर आबासाहेब दुपारचं जेवून वामकुक्षीला गेले होते. अंडं शाबूत होतं, आणि कोंडिबा बाजूला असा उभा होता, की ते त्यानंच घातलं असावं.

आबासाहेब म्हणजे भोरातले एक सरदार. आडनाव सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून आहेत. त्यांच्या कोठीवर मी कारकून होतो. कोठी म्हणजे झुंबरं, गालिचे, तंबू, हंडे असल्या वर्षातून एकदा लागणाऱ्या आणि बाकीचे दिवस नुसत्या पुसत बसायच्या सामानाचं गोदाम. मला थोडंफार इंग्रजी येई म्हणून मी कागद करायचो, आणि कोंडिबा सामान बांधायचा. वेल्ह्याच्या बाजूचा शेतकरी गडी, पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. अख्ख्या भोरात त्याच्यासारखं सामान कोणाला बांधता येत नसे, आणि त्याच्याइतकं माझं डोकंही कोणी उठवत नसे.

"जिन्नस झोपला पायजे, भाऊसाहेब," हे त्याचं पालुपद. पेटी बांधून झाली की तो ती हलवी आणि कान लावून ऐके. आत जरा खुट्ट झालं की मान हलवून म्हणे, "जागा हाय अजून." की पुन्हा सोड सुतळी, पुन्हा भर तूस! एकदा एक फुटका दिवा पुण्याला दुरुस्तीला धाडायचा होता. फुटका, बरं का. त्यालाही झोपवण्यात या गृहस्थानं अख्खी सकाळ घालवली. मी चिडून म्हणालो, "अहो जमादार, तो मेलाय आधीच!"

"मेल्यालं असलं तरी नीट न्ह्यावं लागतंच न्हवं?" तो म्हणाला.

मी त्याला बावळट म्हणालो.

स्वतःचा चष्मा तो सात फडक्यांत बांधून कनवटीला लावी. काही वाचायची वेळ आली, की एकेक फडकं सोडून, घडी करून मांडीवर ठेवी. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत वाचून दाखवणारा कोणीतरी भेटलेला असे. मग तो सगळी फडकी पुन्हा गुंडाळी. असा माणूस, आणि त्याच्या शेजारी बसून मी नोकरी केली. माझ्या सोशिकपणाचं कोणी कौतुक केलं नाही.

आता त्या काठ्यांचं सांगतो. आबासाहेबांना गोल्फ नावाचा रोग जडला होता. एक पांढरा चेंडू हिरवळीवरून मारत मारत भोकात घालायचा, एवढाच खेळ, आणि त्यासाठी काठ्या बारा! आमच्याकडची पोरं एका दांड्यावर अख्खा उन्हाळा काढतात. बारापैकी काहींना लोखंडी चपटं तोंड, काहींना लाकडी गोल डोकं. आबासाहेब त्यांना स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त जपत. मुलं मामाकडे होती.

कराचीला कसलीशी मॅच ठरली आणि आबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण विमानानं जाणार. जुहूच्या मैदानावरून टपालाचं विमान तिकडे जायचं, त्यात एखाददुसरा माणूस घेत. विमानकंपनीचं पत्र आलं, त्यात सामानाच्या वजनाची सक्त अट होती. आबासाहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. म्हणाले, "काठ्या तुम्ही दोघांनी जुहूला पोचवायच्या. एकीला जरी चरा गेला, किंवा वजनापायी एक जरी मागं राहिली, तरी तुम्ही दोघंही घरी बसा."

मला घरी बसून चालणार नव्हतं, घरी माझे सासरे येऊन राहिले होते. कोंडिबानं फक्त एक विचारलं, "सरकार, इमानात दचकं बसत्यात का?"

"हवेत कसले दचके?" आबासाहेब हसले. मीही हसलो. साहेब हसल्यावर हसायची मला सवय होती.

कोंडिबा काही हसला नाही. दोन दिवस तो कोठीवर फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी उन्हानं काळवंडून आला नि म्हणाला, "डोंगरावर जाऊन बसलो व्हतो. घार बगितली. चांगली तरंगत आसती, आन मधीच गचकन खाली येती. म्हंजी तितं खड्डं हायती, भाऊसाहेब. डोळ्याला दिसत न्हाईत, पर हायती." हवेतले खड्डे! मी ही गोष्ट कचेरीत, बाजारात, देवळाच्या ओट्यावर, सगळीकडे रंगवून सांगितली. आठवडाभर लोक कोंडिबाला रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय जमादार, आज वर चिखल किती?"

तो आपला बांधत राहिला. काठ्या गुंडाळायचं आतलं काम त्यानं घरी केलं, कोणाला बघू दिलं नाही. मग त्यावर शेवरीचा कापूस, त्यावर घोंगड्या, मग बुरुडाकडून मुद्दाम विणून आणलेली लांब करंडी, तीत तूस, आणि वरून गोणपाट, दाभणानं टाके घालून शिवलेलं. ते धूड दोघांनी उचलायचं झालं. ती पुरचुंडी त्यानं हलवली, कान लावला आणि पहिल्यांदाच मला सांगितलं, "झोपली."

आता माझी चूक सांगतो, कारण लोक ती कोंडिबाच्या माथी मारतात. कंपनीच्या फॉर्मात वजन लिहायचं होतं. मी विचारलं. कोंडिबानं नुसत्या काठ्यांचं वजन सांगितलं. मी लिहिलंही. यात गैर आहे असं आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नाही. भोरच्या बाजारात तांदूळ घ्या, गूळ घ्या, मिरची घ्या, पोतं काट्यावर चढलं की बारदान वजा होतं. गोणपाटाचं वजन कोण धरतो? फॉर्मावर मी वळणदार अक्षरात आकडा घातला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, की बारदान वजा करून. स्वतःच्या इंग्रजीवर खूष होऊन पानही खाल्लं.

सर्व्हिस मोटारीनं पुणे, रेल्वेनं मुंबई, तिथून टांगा. सगळा प्रवास कोंडिबा त्या धुडाच्या उशाशी बसून होता. जुहूला पोचलो तर काय, नुसतं गवताचं माळरान, आणि त्यावर ते विमान. मला वाटलं होतं रेल्वेच्या डब्याएवढं असेल. ते आमच्या सर्व्हिस मोटारीपेक्षाही किरकोळ निघालं. आबासाहेब टोपी घालून शेजारी उभे होते. खाकी पँटीतल्या एका माणसानं आमचं धूड काट्यावर घेतलं, काटा बघितला, फॉर्म बघितला आणि मोठ्यानं हसला.

"बारदान वजा करा की," कोंडिबा म्हणाला.

"विमान बारदानासकट उडतं, म्हातारबा."

मी पुढं झालो. तावातावानं सांगितलं, की सगळ्या मुलुखात बारदान वजा करतात, तुम्हीच कोण लागून गेलात? तो म्हणाला, "काठ्या सुट्या करा, नाहीतर इथंच राहतील. दहा मिनिटं आहेत." आबासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. ते एवढंच म्हणाले, "फाडा."

कोंडिबानं मला हात लावू दिला नाही. कमरेचा विळा काढून त्यानं स्वतःच टाके उसवले. गोणपाट निघालं, करंडी निघाली, समुद्रावरच्या वाऱ्यानं तूस सगळ्या मैदानभर उडालं, आबासाहेबांच्या टोपीवरही बसलं. घोंगड्या निघाल्या, कापूस निघाला. आणि आत एक लुगडं निघालं. नऊवारी, गडद हिरवं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं. कुठंही न फाडता, बाराही काठ्यांमधून आत-बाहेर घेत त्यानं ते असं वळवलं होतं, की एक काठी दुसरीला शिवत नव्हती. काठ्यांची चामडी पिशवी मी खांद्यावरून आणली होती, तिच्यासकट सगळं काट्यावर चढवलं, तर आता थोडंसंच वजन जास्त होतं.

"ती चिंधी पण काढ," आबासाहेब म्हणाले.

कोंडिबा हलला नाही. मी त्याला कधीही कुणाला नाही म्हणताना बघितलं नव्हतं. "येवढं ऱ्हाऊ द्या, सरकार," तो म्हणाला.

आबासाहेब संतापून वैमानिकाकडे गेले. मी दात-ओठ खात कोंडिबाच्या कानाशी लागलो. "नोकरी जाईल, कळतंय का? दोघांची! एका लुगड्यासाठी?"

"आमच्या मंडळींचं हाय," तो म्हणाला. त्याची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती हे मला ठाऊक होतं. कोठीतून त्या दिवशी रजा मागायला आला होता, आणि मी त्याला अर्ज नीट लिहून आण म्हणालो होतो. तो खाली मान घालून बोलत राहिला. "वेल्ह्यावरनं पैल्यांदा इमान गेलं, तवा भात कापत व्हती. हातात विळा तसाच, बांधाबांधानं पळाली त्याच्यामागं. मंग माज्याकडं आली, म्हनली, मला बशिवशिला का वो कदी त्यात? म्या म्हनलं, गप कामाला लाग, पडशील खाली. लोकांचं सामान पार मुंबईपातूर न्हेलं म्या, भाऊसाहेब. तिला पुणं सुदिक दावलं न्हाई. म्हनलं, आता काठ्यांसंगं तरी जाईल."

मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा आला. मी आबासाहेबांकडे बघितलं, ते पाठमोरे होते. चामडी पिशवी काट्याशेजारीच होती, तिच्या खिशात दोन डझन नवे कोरे चेंडू होते. मी ते मूठ-मूठ करून काढले आणि माझ्या लांब कोटाच्या खिशांत भरले. मग लुगड्यासकट काठ्या पिशवीत घातल्या आणि काट्यावर ठेवल्या. खाकी पँटवाल्यानं माझ्या फुगलेल्या खिशांकडे बघितलं. मग काट्याकडे बघितलं. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि पिशवी आत गेली.

आबासाहेब कराचीला बारा काठ्या घेऊन उतरले, आणि मारायला एकही चेंडू नव्हता. त्या चेंडूंची चौकशी पुढे दोन महिने चालली. चौकशीचे कागद मीच लिहीत होतो, त्यामुळे ती कुठंच पोचली नाही.

पण ते नंतर. त्या वेळी विमान गुरगुरलं, गवतावरून धावलं आणि उठलं. उठता उठता एकदा गचकन खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. कोंडिबानं माझा दंड घट्ट धरला होता. विमान समुद्रावर वळून उत्तरेला लागलं, बारीक होत गेलं. कोंडिबा सावकाश कनवटीचं बोचकं काढून एकेक फडकं सोडू लागला. या वेळी मीही हात लावला, फडकी भराभरा सोडली, आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. ठिपका अजून दिसत होता.

"भाऊसाहेब," तो वर बघत म्हणाला, "तितनं आपलं वेल्हं दिसत आसंल का वो तिला?"

वेल्हं आमच्या पाठीशी, डोंगरांच्या पार पलीकडे होतं, आणि विमान निघालं होतं उलट्या दिशेला.

"दिसतंय की," मी म्हणालो. "लख्ख दिसतंय त्यांना. तुमचा बांधसुद्धा."