हेर लियांग यांची आठ मिनिटं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हेर लियांग, म्हणजे जर्मन रीतीनं श्रीयुत लियांग, कुणाच्याही दारी गेले, की बेल दोनदा वाजवत. एकदा दार उघडावं म्हणून, आणि दार उघडल्यावर पुन्हा, बेलचा सूर तपासावा म्हणून. यजमान समोर उभा असताना हे गृहस्थ मान वाकडी करून बटण दाबत आणि सांगत, "हेर जोशी, तुमची बेल जरा उतरली आहे." बेल वाजली म्हणजे तिचं काम झालं, चढण्या-उतरण्याशी तिचा संबंध नाही, हे मी त्यांना समजावून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

ही दोन हजार चार सालची, जर्मनीतल्या बोब्लिंगेनमधली गोष्ट. मी तिथल्या एका कंपनीत हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहीत होतो आणि लियांग संगीत लिहीत होते. निदान तसं ते म्हणत. चिनी संगीत आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत यांचा संगम घडवणं हे त्यांचं जीवितकार्य होतं. एकीकडे पियानो आणि चार युरोपीय तंतुवाद्यं, दुसरीकडे अर्हू नावाचं दोन तारांचं चिनी वाद्य, आपल्या सारंगीच्या दूरच्या नात्यातलं. बासुंदीत लोणच्याची फोड पडावी, तसा तो संगम मला वाटे.

या संगमाची एकूण लांबी आठ मिनिटं होती. त्यावर ते चार वर्षं काम करत होते. म्हणजे वर्षाला दोन मिनिटं. आमच्या कंपनीत या वेगाच्या माणसाला कुणी दुसऱ्या महिन्यातसुद्धा ठेवलं नसतं. जिन्यात भेटले की मी विचारत असे, "झालं का पुरं?" उत्तर ठरलेलं: "नॉख निश्ट." अजून नाही.

दुसऱ्यांच्या संगीताबद्दल मात्र मत कायम तयार. युरोपातल्या थोर थोर रचनांवर त्यांचा एकच शेरा असे: "फार फर्निचर." चिनी वाद्यवृंदांवरही तोच. माझ्या बायकोनं एकदा हौसेनं त्यांना ख्यालाची सीडी ऐकवली. आलाप त्यांनी डोळे मिटून ऐकला. तबला सुरू झाला तसे म्हणाले, "आता फर्निचर आलं." ते गेल्यावर बायको मला म्हणाली, "अहो, यांना पुन्हा चहाला बोलावलंत, तर चहा तुमचा तुम्ही करा."

एकदा चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. प्रवेश फुकट होता, म्हणून आम्हीही गेलो. चौथ्या मिनिटाला लियांग पियानोवरून उठले, वादकांना हातानं थांबवलं, श्रोत्यांकडे वळून "नॉख निश्ट" म्हणाले आणि कागद गोळा करून निघून गेले. लोकांना वाटलं, हा रचनेचाच भाग. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेवट फार धाडसी होता, असं माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या.

इतकं मी सोसलं असतं. पण आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीन ही शांततेची वेळ होती. त्या वेळात खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्यूम फिरवायचा नाही, पियानो तर नाहीच नाही. लियांग नेमके दीड वाजता पियानो उघडत, आणि तोही दणक्यात. सकाळ मोकळी, संध्याकाळ मोकळी. पण दीड म्हणजे दीड. तळमजल्यावरच्या घरमालकीण फ्राऊ हेबर्ले यांनी त्यांना दोनदा लेखी ताकीद दिली होती. तिसऱ्या वेळी जागा सोडावी लागणार होती, आणि पियानो ठेवू देणारं दुसरं घर त्यांना मिळण्यासारखं नव्हतं. हे लियांगना पुरतं ठाऊक होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी वरचा पियानो दणाणत असताना फ्राऊ हेबर्ले माझ्याकडे आल्या. "तिसऱ्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून तुमची सही हवी, हेर जोशी. तुम्ही नियमानं वागणारे."

मी आहेच तसा. म्हणूनच त्या माणसाला आधी सांगितल्याशिवाय सही करणं मला पटेना. मी वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

लियांग पियानोशेजारी उभे होते. पियानोवर टेलिफोन, त्याचा स्पीकर चालू. त्यातून एक म्हातारा आवाज चिनी भाषेत तडातडा बोलत होता, आणि अख्ख्या जगाला शेरे देणारे आमचे संगीतकार शाळकरी पोरासारखे हात बांधून मान डोलवत होते. मधूनच चार सूर वाजवून दाखवत. म्हातारा पुन्हा ओरडे. हे पेन्सिलनं कागदावर फुली मारत. शेवटी एकदाचा फोन बंद झाला.

"वडील," लियांग म्हणाले. "दिवसभर बागेत मित्रांबरोबर अर्हू वाजवतात. रात्री जेवण झालं की माझं ऐकतात. तिकडे आता साडेआठ वाजून गेले. त्यांना ऐकूही कमी येतं."

"काय म्हणाले?"

"फार फर्निचर."

तो शेरा मुळात कुणाचा, हे मला तेव्हा कळलं. आठ मिनिटांना चार वर्षं का लागली, तेही.

"हे फ्राऊ हेबर्लेंना सांगा. त्या समजून घेतील."

"पन्नाशीचा माणूस बापाला विचारून सूर लावतो, हे सांगू? त्यापेक्षा त्यांनी मला उद्धट समजावं."

हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. मग खाली जाऊन, सही करणार नाही, असं फ्राऊ हेबर्लेंनाही सांगितलं.

"तुम्ही? नेमके तुम्ही?"

कारण मी दिलं नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी मी स्वतः नोटीस घेऊन वर जाईन."

पुढच्या शनिवारी जिना पुसायची पाळी आमची होती. बायको पायऱ्या पुसत होती, मी बादली सांभाळत होतो. दीडला पियानो सुरू झाला. लाकडी तळाच्या चपला खटखट वाजवत, हातात कागद घेऊन फ्राऊ हेबर्ले जिना चढू लागल्या. त्या आमच्यापर्यंत पोचल्या आणि पियानो मध्येच थांबला. थोड्या वेळानं वरचं दार उघडलं. लियांग नुसत्या मोज्यांवर खाली आले, ओठांवर बोट ठेवून.

"हळू," ते म्हणाले.

"मला सांगता?" फ्राऊ हेबर्ले म्हणाल्या. "शांततेची वेळ रोज कोण मोडतं?"

"मीच. पण आत्ता कृपा करा. माझे वडील झोपलेत."

"तुमचे वडील आलेत?"

लियांगनी वर हात केला. उघड्या दारातून घोरण्याचा आवाज येत होता, टेलिफोनमधून येतो तसा, खरखरीत.

"त्यांना ऐकवत होतो. मध्येच त्यांचा डोळा लागला. फोन ठेवायचा राहिला."

"मग तुम्ही ठेवा."

लियांगनी नकारार्थी मान हलवली.

फ्राऊ हेबर्ले काही वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी कागदाची घडी घातली, वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि हातात घेतल्या. "किती वेळ झोपतात?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"कुणास ठाऊक," लियांग म्हणाले. "त्यांना झोपलेलं ऐकून मला पंधरा वर्षं झाली."

आणि ते वरच्या दाराकडे कान देऊन ओल्या पायरीवर बसले.