नरसय्या मामांचं बेल्ट-रजिस्टर

नरसय्या मामा लग्नपत्रिकेवरसुद्धा पान नंबर टाकायचे. पत्रिका हातात आली की खिशातलं निळं पेन निघायचं. उजव्या कोपऱ्यात एक, मागं दोन, आत आहेराबद्दलची चिठ्ठी असली तर तिच्यावर तीन. मग 'एकूण पाने तीन' असं बारीक अक्षरात लिहून खाली सही. एकदा सात रस्त्याजवळच्या हॉटेलात त्यांनी मेनूकार्डावर नंबर टाकले. वेटर बघत राहिला, तर त्यालाच म्हणाले, "उद्या ह्यातलं एक पान कुणी काढून नेलं तर तुला कळंल का?"

मी सोलापुरात एका सरकारी कंत्राटदाराकडं साइट इंजिनियर आहे. शाळेच्या खोल्या, उपकेंद्रं, वसतिगृहं अशी कामं आम्ही करतो. लोकांना वाटतं, कंत्राटदार म्हणजे सिमेंट आणि सळई. त्याच्या आधी कागद असतो. टेंडर भरायचं तर नोंदणीचा दाखला, आधीच्या कामांचे दाखले, काळ्या यादीत नसल्याचं शपथपत्र. काम मिळालं की मजुरांच्या हजेरीचं मस्टर, विमा, वाळूचे अहवाल, सुरक्षेचं प्रमाणपत्र. एक कागद कमी पडला की सगळं अडतं. ते सगळं मामा बघायचे.

मामा माझे नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. वय साठीच्या आसपास, घर पूर्व भागात, वडील तेलुगू विणकर. चादरीच्या कारखान्यात ते कारकून होते. तो बंद पडल्यावर आमच्याकडं आले. त्याच्या आदल्या वर्षी आमचं एक टेंडर केवळ एका पानावर सही राहिली म्हणून बाद झालं होतं. मालकांनी मामांना टेबल दिलं, शिक्का दिला, आणि नंतर आमचा एकही कागद परत आला नाही. पुढं टेंडरं ऑनलाइन झाली, तरी मामा सगळं छापून घ्यायचे, नंबर टाकायचे, दोऱ्यात ओवायचे.

"फाइलीला लागलं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मला मुलगी झाली तेव्हा पेढा हातात घेऊन त्यांनी हेच विचारलं. मी गोंधळलो, तर म्हणाले, "जन्मदाखला ओ. आत्ताच घ्या, मागनं लई हेलपाटे हायत."

आम्ही त्यांना हसायचो. त्यांची बायको वारली तेव्हा मात्र हसू आलं नाही. दिवस झाल्यावर ते कामावर आले ते रजेचा अर्ज घेऊन. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत, तिच्यावर 'खरी प्रत' असा शिक्का मारलेला. मालकांनी अर्ज न वाचताच बाजूला ठेवला. मामांनी तो उचलला आणि स्वतःच फाइलीला लावला. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ते ऑफिसातून उशिरा निघू लागले. काम नसलं तर जुन्या फायलींचे दोरे बदलत बसायचे.

पुढच्या वर्षी अक्कलकोट रोडला वसतिगृहाचं काम लागलं. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाला सेफ्टी बेल्ट द्यायचा, रजिस्टरवर त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि दर महिन्याला तसं प्रमाणपत्र जोडायचं, अशी अट होती. बेल्ट आले, वीस. बेल्ट घालून कामाला वेळ लागतो म्हणून मालकांनी ते स्टोअरमध्येच ठेवायला सांगितले. मीच स्टोअरला कुलूप लावलं.

महिन्याच्या एक तारखेला मामा साइटवर यायचे. खाली टेबल टाकून माणसांचे अंगठे घ्यायचे, मग रजिस्टरवर आकडा ताडून बघायचे. वीस बेल्ट, वीस अंगठे. एकदाच त्यांनी मला विचारलं, "घालतात नव्हं?"

"घालतात," मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहिलं. खाली माझी सही घेतली.

मल्लप्पा म्हणून एक गवंडी होता, मैंदर्गीचा. घरी फक्त आई. तिसऱ्या मजल्यावर बाहेरून गिलावा करताना त्याच्या पायाखालची फळी सरकली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

चौकशीला दोन अधिकारी आले. मामांनी फाइल पुढं ठेवली. मल्लप्पाचा अंगठा स्वच्छ उमटला होता, एक रेघसुद्धा पुसट नव्हती. अधिकारी म्हणाले, "बेल्ट मिळाला होता तर. म्हणजे यानंच घातला नाही." ते गेल्यावर मालकांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, तुमच्या कागदानं वाचवलं आपल्याला."

मामा उठले. माझ्याकडून किल्ली घेऊन स्टोअरमध्ये गेले. मीही मागं गेलो. वीस बेल्ट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत होते, तसेच, न उघडलेले.

"इंजिनियर, तुमी म्हणाला होता घालतात."

"म्हणालो होतो."

त्यांनी एका पिशवीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मी खाली टेबलाशी बसायचो. एकदा मान वर करून बघितलं असतं तरी दिसलं असतं की."

दुसऱ्या दिवशी ते त्या अधिकाऱ्यांकडं गेले आणि लेखी दिलं. अंगठे मी घेतले, बेल्ट स्टोअरमध्येच होते, मी बघितलं नाही, रजिस्टर खोटं आहे. जाण्याआधी मला म्हणाले, "तुमचं नाव न्हाई घातलं. माझं तेवढं लिवलंय."

मालकांनी त्याच संध्याकाळी त्यांना घरी बसवलं. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही कंत्राटदारानं त्यांना दारात उभं केलं नाही. मला अधिकाऱ्यांनी बोलावलं. मी म्हणालो, वाटप झालं होतं, पुढचं मला माहीत नाही. घरी लहान मुलगी आहे, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगत होतो. प्रकरण अजून चालूच आहे आणि मी अजून तिथंच नोकरीला आहे.

गेल्या हिवाळ्यात एका नव्या कामाची जागा बघायला मैंदर्गीला जायचं झालं. मल्लप्पाचं घर विचारत विचारत गेलो. कशाला, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. दारात पोत्यावर बसून त्याची आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेजारी मामा बसले होते. तेही शेंगा फोडत होते.

"मामा, तुम्ही हितं? कागदांचं काही काम होतं का?"

"न्हाई ओ, कागद कुठला. येतो असाच, गुरुवारी."

म्हातारी कानडीत काहीतरी सांगत होती, सावकाश, बोटं चालवत. मामांना तेलुगू येतं, मराठी येतं, कानडी येत नाही. तरी ते मान हलवत होते.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"पोराचं सांगती बहुतेक. तिचं झालं की मी आमच्या घरातलीचं सांगतो. तिला कळत न्हाई, मला कळत न्हाई. बरं वाटतं."

म्हातारीनं माझ्याकडं बघून त्यांना काही विचारलं. मी कोण, असंच असावं. मामांनी हातातली शेंग फोडली. मग मराठीतच म्हणाले, "इंजिनियर हायत. साइटवरचे."

तिला किती कळलं, मला ठाऊक नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. मग जराशी सरकली, पोत्यावर जागा केली आणि ओंजळभर शेंगा माझ्यापुढं ठेवल्या. मी बूट काढले आणि बसलो.