वीतभर काठी आणि जोडबोट्या कुळाची हकीकत

॥ जो पिशवींत राखितो आणि वेळ येतां बाहेर सोडितो, त्यास नमस्कार ॥ शके सतराशें अकरा, सौम्यनाम संवत्सर, फाल्गुन मास.

सागाची काठी, एक वीत. शेपटींत गवताची पेंढी. लांबलेलें आंचळ. गडावर आटलेलें टाकें. गोष्टी इतक्या, हकीकत एक.

त्या वर्षीं दर्यापारच्या दक्षिण मुलखांतून राजाच्या शिकारखान्यास सहा उड्या मारणारीं जनावरें नजर आलीं. एक तांबडा नर, पुरुषभर उंच, एक करडी मादी, एक लहान, एक खडकावर उड्या घेणारें, एक झाडावर चढणारें, आणि एक घुशीएवढें, तें शेपटीनें गवत वाही. आणि जहाजाचा तांडेल सांगता जाहला कीं, थोर तो कांगारू, धाकटा तो वालबी. मग दप्तरदार त्र्यंबक रंगो यांनीं वीतभर काठी करविली आणि मागल्या पायांस लाविली आणि लिहिलें: काठीबाहेर पाय जाय तो कांगारू, बागेंत राहावा, आंत राहे तो वालबी, गडावर जावा, झाडावरचें वानरांत, घुशीएवढें उंदरांत. त्यावर शिक्का जाहला. लहानाचा पाय काठीच्या आंत राहिला, म्हणोन तेंही खडकावरल्याबरोबर गडावर गेलें.

सुभानजी रणपिसे शिकारखान्याचा राखणदार. तें लहान म्हणजे मादीचें लेंकरूं, अजून पिशवींत तोंड घालून दूध पितें, हें त्यास ठाऊक. तीन दिवस मादीनें चारा सोडिला, लांबलेलें आंचळ दुधानें टणक जाहलें. वर टाकें आटलेलें. दूध नाहीं तर लेंकरूं जातें; आणि शिक्क्याविरुद्ध बोलेल त्याची चाकरी जाते, हा दरबारचा रिवाज. सुभानजीनें पागोटें सारखें केलें आणि मग दरबारीं जाऊन उभा राहिला.

"महाराज, तें वालबी नव्हे, कांगारूचें लेंकरूं आहे. परत आणवावें."

त्र्यंबकपंत हंसले. "सुभानजी, लीद काढतां काढतां दप्तरांतल्या चुका काढूं लागलास? मग हा गवतवाह्या उंदीर कांगारूचा कोण? मामा?"

"मामा नसेल पंत, भाऊबंद खरा. झाडावरचेंही, आणि वालबीही. आपण पाय मोजलात. उलटा करून पाहिला नाहींत."

मग महाराज बोलते जाहले, "उलटा करा."

मग खालीं राहिलेलीं चौघें आणवून एकेकाचा मागला पाय उलटा केला, आणि प्रत्येकास दोन बारीक बोटें एका कातड्यांत जोडलेलीं, नखें मात्र दोन. पुरुषभर नरास तसेंच, घुशीएवढ्यासही तसेंच. आणि वानर आणविलें, उंदीर आणविला, त्यांस तसें नाहीं. पंतांनीं वांकून पाहिलें आणि काठी खालीं ठेविली. "घराणें एक," म्हणाले, "बिऱ्हाडें निराळीं." मग महाराजांनीं आज्ञा केली कीं, लेंकरूं परत आणावें; आणि रिवाजाप्रमाणें, तें पोंचवून सुभानजीनें चाकरी सोडावी. सुभानजीनें मुजरा केला.

गडावर वालबी खडकांत सुखी होता, त्याचाही पाय तसाच निघाला, त्यास तेथेंच ठेवून पखालीचें पाणी लावून दिलें. लेंकरूं टाक्याच्या कांठीं निजलें होतें, उठेना. सुभानजीनें घोंगडीची खोळ करून त्यास आंत घातलें आणि ऊन्ह चढण्याआधीं गड उतरला. मादीनें खोळ हुंगली, आणि पिशवी ढिली केली, आणि लेंकरानें डोकें आंत घातलें.

येणेंप्रमाणें सहांचें कूळ एक, ठिकाण ज्याचें त्याचें, असें दप्तरीं दाखल जाहलें.

जनावरें बंदरीं उतरलीं त्या दिवशीं सुभानजीनें कोमट पाण्यानें सहांचे पाय धुतले होते.