पळालात का?

ओळखीचं माणूस भेटलं की आपण 'जेवलात का?' म्हणतो. आमच्या शेजारचे आप्पा 'पळालात का?' म्हणतात. कुणालाही. अंगाची हळद न उतरलेल्या नवरदेवाला विचारतात, पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या माणसाला विचारतात. एकदा त्यांनी एका पतसंस्थेच्या चेअरमनला भर चौकात विचारलं. आजूबाजूला ठेवीदार उभे होते. तो गृहस्थ आप्पांशी अजून बोलत नाही.

आप्पा दौंडजवळ रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. निवृत्त झाले आणि आमच्या दौंडच्या कॉलनीतली पोरं गोळा करून त्यांना पळवायला लागले. 'आप्पा पोरं पळवतात' हे वाक्यसुद्धा नव्या माणसापुढं जपून बोलावं लागतं. स्वतः आप्पा मात्र गुडघ्यांमुळं चार पावलं पळत नाहीत. पोरांच्या मागं सायकलवर असतात, तोंडात शिट्टी.

मी एकदा विचारलंच, "आप्पा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"फाटकावर जलमभर थांबल्याली माणसं बघितली, सुरेखा. थांबल्यालं माणूस लई वंगाळ दिसतं. पळणाऱ्याचं तोंड बघ एकदा."

उन्हात पळून आलेल्या माझ्या लेकीचं, स्नेहलचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं दिसतं. पण आप्पांपुढं हे बोलायची सोय नाही.

शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. आप्पांच्या मते मात्र सगळा निकाल मे महिन्यातच लागतो. "उन्हाळ्यात जो झोपला, त्यो हंगामात दुसऱ्याची पाठ बघत पळतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आमरस, लग्नसराई आणि मामाचं गाव यांच्याशी त्यांचं उघड वैर आहे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांचा एक पठ्ठ्या मांडवामागं आचाऱ्याकडं जिलबी मागताना दिसला. आप्पांनी शिट्टी फुंकली. भटजी 'साव' म्हणून थांबले, 'धान' काही पुढं येईना. आप्पांनी त्यांना हात केला, "चालू द्या, तुमाला न्हवती."

स्नेहल त्यांची लाडकी. गेल्या हंगामात जिल्ह्याच्या निवडीत ती थोडक्यात राहिली आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. यंदा निवड व्हायलाच पाहिजे, असं तिनं आणि आप्पांनी ठरवलं. मला विचारायची दोघांनाही गरज वाटली नाही. सुट्टीत आम्ही केंदूरला माझ्या भावाकडं निघालो, तर आप्पा एसटीपर्यंत आले. "गाव बदललं तरी पाय त्येच हायत, स्नेहल. ध्यानात ठेव."

तिनं ठेवलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून ती पाबळच्या रस्त्यानं पळाली. धारा काढणाऱ्या एका बाईनं ते बघितलं आणि शेजारणीला सांगितलं, "पाव्हण्यांची पोरगी पळाली."

आमच्या चहाला उकळी येईपर्यंत ही बातमी गावभर झाली. कुणी त्यात मोटारसायकल घातली, कुणी तिचा रंगही सांगितला. दोन तरणे गडी तिला शोधायला शिक्रापूरकडं सुटले. दारात ही गर्दी जमलेली असताना स्नेहल घामाघूम होऊन आली आणि म्हणाली, "मामी, पाणी."

हसून विषय संपायला हवा होता. पण माझा भाऊ सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता, आणि अशा माणसाला विनोद परवडत नाही. "उद्यापासनं उंबरा वलांडायचा न्हाई," तो म्हणाला. मी भांडले, स्नेहल रडली, वहिनीनं जेवण टाकलं. तो हलला नाही. शेवटी स्नेहलनं माझ्या फोनवरून दौंडला एकच वाक्य सांगितलं, "आप्पा, मला पळू देत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी रणरणत्या दुपारी दोन एसट्या बदलून आप्पा केंदूरला हजर. घरी आलेच नाहीत, थेट मारुतीच्या पारावर गेले. तिथं गाव बसलं होतं, माझा भाऊही होता. मी मागोमाग पोचले.

"पोरगी पळाली असं कोण म्हणलं?" आप्पांनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता तेच पुढं म्हणाले,

"आरं, खरं हाय की! पळाली! उद्या बी पळंल, परवा बी पळंल. तुमच्या पोरी पळत न्हाईत, त्याची लाज धरा."

भाऊ उठला. "आप्पा, लोकं नावं ठिवत्यात."

"ठिवू द्या. पेपरात छापायला नाव लागतंयच की."

पारावर हसू फुटलं. भावालाही ते आवरेना. मग हात जोडून तो म्हणाला, "बरं, पळू द्या. पण घरच्यांना सांगून पळायचं."

यावर आप्पा काही तरी खमंग बोलतील म्हणून सगळे थांबले. आप्पा नुसते खाली बघत राहिले. मग "व्हय, त्ये बराबर हाय," एवढंच म्हणाले. त्यांना निमूटपणे कबूल होताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

सकाळी स्नेहल मामाला सांगून निघाली. ओढ्यावरच्या मोरीपासून वडापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. आप्पा आणि मी मोरीच्या कठड्यावर बसलो. ती वळणाआड गेली तसे आप्पा म्हणाले, "आमची शोभा बी पळाली हुती."

आमचं शेजार बऱ्याच वर्षांचं. त्यांना मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"फाटकावर ड्यूटी हुती. गाडी आली, म्या हिरवा झेंडा धरला. डब्याच्या दारात शोभा उभी. मला बघून तिनं हात केला, म्या बी हसलो. वाटलं, कालेजला चालली." त्यांनी नाक पुसलं. "आदल्या दिवशी जेवताना म्हणली हुती, आप्पा, एक बोलायचंय. म्या म्हणलो, मागनं बोल, गाडीची येळ झाली."

"शोधलं नाहीत?"

"लोकं म्हणली, पळाल्याल्या पोरीचं नाव काढू नगा. लोकांचं जलमात त्येवढं एकदाच ऐकलं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

वळणापलीकडच्या चढावर स्नेहल पुन्हा दिसू लागली. वड मागं पडला होता, तरी ती वळायचं नाव घेत नव्हती. पायांना गती सापडली होती. आप्पा उठले. शिट्टी गळ्यातच होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही. दोन्ही हात तोंडाशी धरून ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "बास झालं गं! माघारी ये! माघारी ये, पोरी, कुणी काय म्हणत न्हाई!"

लांबवर स्नेहल वळली आणि आमच्याकडं पळत येऊ लागली. आप्पा ती पोचेपर्यंत तसेच उभे होते.