छत्रीखालचे आजोबा

टप्! बाथरूमच्या नळातून एक थेंब बादलीत पडला आणि घरातला अबोला मोडला.

"बाबा, आज तुम्हाला लस टोचूनच घरी आणणार, लिहून ठेवा!" सुनेने पदर खोचला.

सासऱ्यांना दमा. ते रात्री खोकले की पलीकडच्या खोलीत तिच्या काळजात धस्स व्हायचं. महिनाभर विनवण्या झाल्या, पण गाडी शेजारच्या वकिलांपाशी अडायची.

"दोन्ही डोस घेऊनही वकील कोरोनाने आडवे झालेच ना?"

"झाले, पण घरच्या पलंगावर! दवाखान्यात नाही."

"पलंग काय, खाट काय, आडवं ते आडवंच!"

"अहो, जरा उभ्याने ऐका की तिचं," सासूबाई म्हणाल्या. त्या नेमक्या कोणाच्या बाजूने होत्या, हे लग्नाला चाळीस वर्षं होऊनही सासऱ्यांना उमगलं नव्हतं.

त्या थेंबाने सुनेला युक्ती सुचवली. "लस म्हणजे छत्री, बाबा. पाय भिजतील, डोकं वाचेल."

"दाखव करून!"

झालं! सासरेबुवा बाथरूममध्ये स्टुलावर, हातात उघडी छत्री, चेहरा फोटो काढायला बसल्यासारखा. पाच वर्षांच्या लेकीला सुनेने पाण्याने भरलेला मग दिला. "हळूच ओत हं, थोडंसंच."

लेकीने मगाकडे पाहिलं, वरच्या शॉवरकडे पाहिलं, आणि मोठी चावी गर्रकन फिरवली!

छत्रीची एक काडी मोडकी होती. तिथून पन्हाळ लागावी तसं पाणी थेट सासऱ्यांच्या मानेतून सदऱ्यात!

"अगं, फुटकी आहे तुझी लस!"

"डोकं बघा बाबा, डोकं!"

सासऱ्यांनी टकलावर हात फिरवला. कोरडं ठणठणीत! "अरेच्चा! खरंच की गं!"

"तिथे केस असते तर जास्त पटलं असतं," सासूबाई बाहेरून म्हणाल्या.

सुनेने लेकीच्या मऊ टॉवेलने त्यांची मान पुसली, कोरडा सदरा दिला आणि मत पालटायच्या आत, लेकीलाही सोबत घेऊन, त्यांना केंद्रावर नेलं. रांगेत तर सासरेच वक्ते! "लस म्हणजे छत्री बरं का मंडळी! पाय भिजले तरी डोकं..."

फाटकाशी पोचले आणि "आऽऽऽक्छी!"

भांग पडावा तशी रांग दुभंगली.

"आजोबा, सर्दी आहे?" नर्सने विचारलं.

"छे! छत्री होती, तरी भिजलो."

नर्सने बाहेर पाहिलं. लख्ख ऊन! "कुठे भिजलात?"

"घरात."

"म्हणजे ताई," सून घाईघाईने पुढे झाली, "लस पटावी म्हणून मीच त्यांना भिजवलं."

नर्सने सुनेकडे असं पाहिलं, जणू तपासणी हिचीच आधी करायला हवी. "शिंका थांबल्या की आणा त्यांना. पुढचे या!"

परतीच्या वाटेवर सासरे पुन्हा मूळपदावर. "छत्री होती, तरी सर्दी झालीच ना?"

"छत्री नसती तर जास्त झाली असती, बाबा!" सून रडकुंडीला आली होती. "आणि उद्या शिंका थांबल्या की आपण परत येतोय!"

सासऱ्यांनी रुमालाने नाक पुसलं. "बरं बाई, येऊ. पण मला आता काहीच कळेनासं झालंय."

लेकीने आईचं बोट ओढलं.

"आई, छत्री नसती तर आजोबा शॉवरखाली बसले असते का गं?"